इस्त्री केलेली पावती

मी एक जुनी इस्त्री आहे. जुनी म्हणजे किती, ते माझं मलाच ठाऊक नाही. मुठीवर कारखान्याचं नाव आणि साल कोरलं होतं, पण इतक्या वर्षांच्या घामट हातांनी ते कधीच पुसून टाकलं. वजन चांगलं अडीच किलो. मला ना वाफ सोडता येते, ना माझ्या अंगात हिरवे-तांबडे दिवे लागतात. हल्लीच्या त्या प्लॅस्टिकच्या, फुसफुस करणाऱ्या हलक्याफुलक्या इस्त्र्या पाहिल्या की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण ते असो. स्वभाव माझा पहिल्यापासून तापट, त्याला कोण काय करणार!

मित्रांनो, लोखंड वितळवून, साच्यात ओतून, घासूनपुसून मला तयार केलं तेव्हा माझा तळ इतका लखलखीत होता, की त्यात कामगाराला स्वतःच्या मिशा दिसत. तिथून मी एका दुकानाच्या काचेआड आले आणि सात महिने नुसती बसून राहिले. रिकामं बसणं माझ्या रक्तातच नाही. शेवटी एके दिवशी एक ठेंगणी, काटक बाई आत आली, मला उचलून तिने हातात तोललं आणि म्हणाली, "हिचं वजन चांगलंय, दाबावं लागणार नाही." त्या दिवसापासून मी तिची झाले.

ही आई. तिचं घर एका अरुंद गल्लीत, वर दोन खोल्या आणि खाली इस्त्रीचं दुकान. तिला दोन मुलं. थोरला दादा गिऱ्हाईक सांभाळतो, गठ्ठे बांधतो आणि दिवसभर बडबडतो. धाकटी ताई, दादा तिला चिमे म्हणतो, ती चाळीस ओलांडून गेली तरी. आईचे गुडघे धरले, तेव्हापासून माझी मूठ ताईच्या हातात आली. आई मात्र खिडकीपाशी खुर्ची टाकून सगळ्यांवर नजर ठेवून असते. तिच्या नजरेतून एक सुरकुती निसटेल तर शपथ.

ताईचा हात म्हणजे काय सांगू! माझा उष्णतेचा आकडा फिरवायची चकती केव्हाच झिजली होती, तिच्यावर सुती कुठे आणि रेशीम कुठे काही दिसत नव्हतं. पण ताई बोट ओलं करून माझ्या तळाला निमिषभर टेकवायची, चुर्र आवाज ऐकायची आणि ओळखायची. शाळेचे गणवेश, डॉक्टरांचे डगले, हॉटेलातल्या चादरी, नवरदेवाचे कोट, सगळं माझ्या तळाखालून गेलं. गिऱ्हाइकं म्हणत, "तुमच्या इस्त्रीची घडी मोडायला जीव होत नाही." ते ऐकून मी आणखी थोडी तापायची.

आता एक गोष्ट सांगते, जी मला सांगायला आवडत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक लहानसं संग्रहालय आहे. तिथल्या वस्तू सांभाळणारे काका एकदा एक जुना भरतकामाचा अंगरखा घेऊन आले. दीडशे वर्षांपूर्वीचा. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं आणि अंगरख्याच्या पाठीवर एक आडवी घडी पडली होती. "जरा सरळ करून द्या," म्हणाले. ताईने मला अगदी कमी तापवलं. वर ओलं पातळ फडकं टाकलं. मी पाठीवरून जेमतेम एकदा गेले, आणि फडकं उचललं तर भरतकामाचे धागे भाजक्या पापुद्र्यासारखे कुरकुरीत होऊन गळून पडले होते.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी गळलेले धागे तळहातावर गोळा केले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. कापड किती थकलंय ते मी तुम्हाला सांगितलंच नाही." आणि अंगरखा छातीशी धरून निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. ताई त्या दिवशी जेवली नाही.

पण हाय खाऊन बसणाऱ्यांतली ती नाही. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून संग्रहालयात गेली आणि काकांना म्हणाली, "मला शिकवा. ते कापड का मेलं, ते मला कळलंच पाहिजे." काकांनी पुस्तकं दिली. दुपारी दोन ते चार दुकानात सामसूम असते. तेव्हा मला आडवं न ठेवता टाचेवर उभं करून, माझ्याच टेबलावर पुस्तक उघडून ती वाचायची. अशी पाच वर्षं गेली. काकांकडची पुस्तकं संपली. तेव्हा काका म्हणाले, "यापुढचं मला येत नाही. जुनी वस्त्रं जतन करण्याची रीतसर पदव्युत्तर पदवी आहे. दोन वर्षांची. वर्ग ऑनलाइन भरतात, घर सोडावं लागत नाही. तुम्ही बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. केलंय ना, मग बसा प्रवेश परीक्षेला."

ती बसली आणि पास झाली. विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा दादाने ते मोठ्याने वाचलं, फीच्या ओळीपाशी आला आणि पुढचं मनातल्या मनात वाचू लागला. दुकान दोन वर्षं बंद न करता आणि काही न खाता चालवलं असतं, तरी तेवढी रक्कम जमली नसती.

"बँकेचं कर्ज?" दादा म्हणाला.

"नको," ताई म्हणाली. "आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचं अजून फिटतंय. यात खाली बघ, आर्थिक साहाय्य लिहिलंय. काम करत शिकणाऱ्यांसाठी. मिळालं तर शिकेन."

"आणि नाही मिळालं तर?"

"मिळवायचंच म्हटल्यावर नाही कसं मिळेल?"

आई खुर्चीतून म्हणाली, "दोघंही गप्प बसा आणि तो फॉर्म काय म्हणतो ते वाचा."

मित्रांनो, मी आयुष्यात नाना तऱ्हेची वस्त्रं पाहिली, पण त्या फॉर्मइतकं गुंतागुंतीचं काही पाहिलं नाही. सात भाग. आधीच्या पदवीची गुणपत्रिका. ओळखीच्या जाणत्या माणसाचं शिफारसपत्र. ते काकांनी दिलं आणि त्यात अंगरख्याची गोष्ट आडपडदा न ठेवता लिहिली. मग हेतुपत्र, म्हणजे तुम्हाला हे का शिकायचंय ते सातशे शब्दांत. ताईने ते गठ्ठे बांधायच्या खाकी कागदावर चार वेळा लिहिलं. पहिल्या खेपेला तिने फक्त आपल्या अडचणी लिहिल्या होत्या. आईने ऐकलं आणि म्हणाली, "हे काय रडगाणं? तू काय करणार आहेस ते सांग की त्यांना." ताईने तो कागद चुरगाळून फेकला आणि कंबर कसून पुन्हा बसली. चौथ्या खेपेचं वाचन झालं तेव्हा आईने नुसती मान हलवली. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नसते.

सहा भाग झाले. उरलं उत्पन्न. त्यासाठी कर कार्यालयाची वर्षाची पावती हवी होती. ही पावती तिथल्या यंत्रातून निघते: वीतभर लांब, गुळगुळीत, चकचकीत कागद, वर बारीक अक्षरं आणि अकरा आकड्यांचा क्रमांक. दादा आधी या शिक्षणाच्या बाबतीत काठावरच होता. "या वयात वर्गात बसून काय करणार?" असं एकदा बोलून गेला होता. पण बुधवारी सकाळी न सांगता उठला, रांगेत उभा राहिला आणि पावती घेऊन आला. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती.

आणली खरी, पण कशी? पँटच्या मागच्या खिशात! आणि त्यावर बसून अर्धा तास स्कूटर चालवत.

ताईने ती उलगडली. चोळामोळा झालेला रुमाल तिच्यापेक्षा बरा दिसला असता. फॉर्मवर तर ठळक लिहिलं होतं, कागद सुरकुतलेला नसावा, सर्व अक्षरे स्पष्ट वाचता यावीत, अन्यथा अर्ज बाद. ताईने मोबाइलने तीन वेळा फोटो काढला. तिन्ही वेळा घड्यांच्या सावलीत निम्मे आकडे गडप.

"अगं सुरकुतली तर सुरकुतली!" दादा हसत म्हणाला. "इस्त्रीचं दुकान कुणाचं आहे?"

आणि मित्रांनो, त्या घरात त्या क्षणी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ना दादाला, ना ताईला, ना आईला, ना मला. सुरकुती दिसली की इस्त्री फिरवायची, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं. ताईने बोट ओलं करून माझा तळ पाहिला. रेशमालाही लागतो त्याहून कमी ताव. वर फडकंसुद्धा टाकलं. केवढी ती काळजी! मी मनात म्हटलं, हे काम मी असं करेन की विद्यापीठवाले बघत राहतील.

गेले एकदा. अलगद.

फडकं उचललं. पावती अगदी सपाट झाली होती. एकही सुरकुती नव्हती. आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट झाली होती.

दादाने कपाळावर हात मारून घेतला. ताई खाली बसली, नुसती बसली. मला वाटलं, माझी वायर कुणीतरी उपटून टाकावी. काकांच्या अंगरख्यानंतर ही दुसरी वेळ. दोन्ही वेळा हात तोच, मी तीच, आणि दोन्ही वेळा आम्ही किती जपून वागलो होतो!

नंतर कळलं, की त्या कागदावर शाई नसतेच मुळी. यंत्राच्या आत त्याला बारीक चटके देतात आणि जिथे चटका बसेल तिथे तो काळा पडतो, तीच अक्षरं. म्हणजे मी काय केलं? सगळ्या कागदालाच चटका दिला. माझ्या मायेने त्याचं एक भलंमोठं अक्षर करून टाकलं.

दादाने कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, दुसरी प्रत मिळते, पण मूळ पावतीचा क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक नसेल तर नावावरून शोध घ्यायचा अर्ज करा. पंधरा दिवस.

"पंधरा दिवस," दादा म्हणाला. फोन ठेवला. "चिमे, माझ्यामुळे झालं गं. मी नीट आणली असती तर..."

"तू आणलीस म्हणून तर होती," ताई म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईन."

"पुढच्या वर्षी कशाला?" आईने खुर्चीतून विचारलं. "अजून शुक्रवार झालाय का?"

"आई, क्रमांकच गेला ना!"

"गेला कशावरून? तू बघितलंस?"

"काळं झालंय सगळं!"

"काळ्या कोटावरचा तेलाचा डाग तू कसा बघतेस?" आई म्हणाली. "समोर धरून कधी दिसलाय का तो?"

ताईने मान वर केली. आमच्या धंद्यातली ही पहिली शिकवण, आईने तिला ती आठ वर्षांची असताना दिलेली: डाग समोरून दिसत नाही. कापड डोळ्यांच्या उंचीवर आडवं धरायचं आणि उजेड बाजूने येऊ द्यायचा. जिथे काही सांडलंय तिथली चमक वेगळी असते. काळ्यावर काळंसुद्धा दिसतं.

साडेचार वाजले होते. आमच्या खिडकीत उन्हाची तिरीप येते ती पाचच्या सुमारास, समोरच्या इमारतीच्या दोन टाक्यांच्या मधून, आणि वीस मिनिटांत जाते. ताईने पावती एका पाटीवर चिकटवली आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. दादा कागद-पेन्सिल घेऊन शेजारी. गिऱ्हाईक आलं तर आईने खुर्चीतूनच हाकललं, "उद्या या, आज आमच्याकडे ऊन बघायचं काम चाललंय." तो माणूस वर आकाशाकडे बघत गेला बिचारा.

तिरीप आली. ताईने पाटी जरा वर केली, जरा कलती केली, श्वास रोखला.

"दिसतंय," ती म्हणाली. "दादा, लिही. सात. शून्य. चार. चार..."

आधी छापलेली अक्षरं नंतर काळ्या झालेल्या कागदापेक्षा किंचित जास्त चकाकत होती. अगदी किंचित. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. पण वीस वर्षं ज्या बाईने काळ्या डगल्यांवरचे डाग शोधले, तिच्यापासून ती काय लपणार? दहा आकडे मिळाले. नववा मात्र अडून बसला. तीन की आठ? ताईने डोळे मिटले, उघडले, पाटी फिरवली. आईला दाखवलं. आई म्हणाली तीन. दादा म्हणाला आठ. तेवढ्यात ऊन गेलं.

गुरुवारी सकाळी दुकानाला कुलूप लागलं. सणासुदीला, आजारपणाला न लागलेलं कुलूप. ताई आणि दादा दोघंही कर कार्यालयात गेले. पुढचं मी पाहिलेलं नाही. दादाने आईला तीनतीनदा सांगितलं, ते ऐकून मला पाठ झालंय.

खिडकीवरच्या कारकुनाने आधी काळी पावती हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "हे काय केलंत?"

"इस्त्री," ताई म्हणाली.

"कशाला?"

"सुरकुतली होती."

कारकून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने शेजारच्या कारकुनाला बोलावलं, त्याने आणखी एकाला. तिघं पोट धरधरून हसले. दादाचा चेहरा लाल झाला, तो काहीतरी बोलणार होता, पण ताईने त्याचा दंड धरला. हसणं संपेपर्यंत ती शांत उभी राहिली आणि मग म्हणाली, "हसून झालं असेल तर क्रमांक घालता का? एक आकडा तीन आहे किंवा आठ. आधी तीन घाला."

तीन घातला. कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं.

"बाई, ही काय सोडत आहे का, आकडे लावून बघायला?" कारकून कुरकुरला. "मागे रांग बघा."

"आता आठ," ताई जागची हलली नाही.

आठ घातला. ताईचं नाव आलं. दादाचा जीव भांड्यात पडला. तो म्हणतो की तो रडला नाही, पण तसं त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

यंत्राने नवी पावती बाहेर टाकली. पुन्हा तोच चकचकीत कागद. या वेळी दादाने घरून जाडजूड पुठ्ठ्याची वही नेली होती. पावती तिच्यात सरळ ठेवली, वही दोन्ही हातांत धरली आणि स्कूटर तिथेच सोडून घरापर्यंत चालत आला. आत येताच त्याने पहिलं काम काय केलं असेल? माझी वायर काढली आणि मला उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलं! जणू मी उडी मारून पावतीवर पडणार होते. माझा अपमान झाला खरा. पण त्या दिवशी मी तोंड वर करून काही म्हणावं अशी माझी पत राहिली नव्हती.

पावतीचा फोटो उत्तम आला. अर्ज पूर्ण झाला. सगळ्यात शेवटी एक चौकट होती: इतर काही कळवायचे असल्यास. ताईने तिथे काळ्या पावतीचाही फोटो जोडला आणि खाली दोन ओळी लिहिल्या, की ही पावतीची दुसरी प्रत आहे, कारण पहिली मी इस्त्री करून खराब केली.

"हे कशाला?" दादा म्हणाला. "कुणी विचारलंय का? उगाच हसं करून घेशील."

"त्यांनी विचारल्यावर सांगितलं तर सबब वाटेल," ताई म्हणाली. "मी आधीच सांगते." आणि बटण दाबलं.

तीन आठवड्यांनी मुलाखत आली. माझ्याच टेबलावर, चादरीच्या चार घड्या घालून, त्यावर काकांचा लॅपटॉप ठेवला होता. मी बाजूला टाचेवर उभी. दादा आणि आई दाराआड. पडद्यावर विद्यापीठाच्या, चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "अर्जाला तुम्ही हा काळा फोटो का जोडलाय? मी बारा वर्षं हे अर्ज बघतेय, असा पहिलाच."

ताईने सगळं सांगितलं. खिसा, स्कूटर, सुरकुत्या, मी, फडकं. तिरीपही सांगितली. बाई हसल्या नाहीत.

"आणि शिफारसपत्रातला तो अंगरखा? तोही इस्त्रीनेच गेला ना? पाच वर्षं वाचन करूनही तुम्ही तीच चूक पुन्हा केलीत?"

दाराआड दादाने श्वास घेतलेला मला ऐकू आला. ताईने पडद्याकडे सरळ पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "तीच. मला उष्णता कळते, बाई. ती मला कुणी शिकवायला नको. पण समोर काय आहे, ते मी दोन्ही वेळा विचारलं नाही. पुस्तकात वाचलेलं कापडाला लागू आहे एवढंच मला कळलं होतं. कागदाला, कुठल्याही वस्तूला आधी विचारायचं असतं, हे हाताला अजून लागलेलं नाही. म्हणूनच मला वर्गात बसायचंय. एकटीने वाचून तेवढं होत नाही, हे त्या पावतीने मला दाखवलं."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "बरं," म्हणाल्या. पडदा बंद झाला.

अकरा दिवस कुणाचं लक्ष कशात नव्हतं. मी दोन चादरींना पिवळा डाग पाडला. बाराव्या दिवशी पत्र आलं: तीन चतुर्थांश फी विद्यापीठ भरणार, दोन्ही वर्षं. अट एकच, प्रत्येक सहामाहीत सगळ्या विषयांत साठ टक्के. एकदा जरी खाली आलात तर मदत बंद. उरलेला चौथा हिस्सा दादाने स्कूटर विकून भरला. "नाहीतरी तिच्यावर बसलं की कागद चुरगळतात," म्हणाला.

मित्रांनो, पहिल्याच तासाला पडद्यावरच्या सरांनी पहिलं वाक्य काय उच्चारलं माहितीये? "जुन्या वस्त्राला इस्त्री कधीही लावायची नाही." ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. आई खुर्चीत हसून हसून खोकू लागली. मला राग आला? आला. पण खोटं कशाला बोलू, सर बरोबर बोलत होते.

ती दोन वर्षं सोपी नव्हती. सकाळी सहाला वर्ग, नऊला दुकान, दुपारी दोन ते चार अभ्यास. तिसऱ्या सहामाहीत रसायनशास्त्राने ताईच्या नाकी नऊ आणले. एकसष्ट टक्के मिळाले. दोन गुणांनी पाय घसरला असता तर सगळं संपलं होतं. त्या निकालानंतर तिने भिंतीवर साठचा आकडा मोठा लिहून ठेवला आणि पुढच्या वेळी त्र्याहत्तर आणले. याच काळात माझी वायर जळाली. दुरुस्तीवाला म्हणाला, हिचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. दादा दुसऱ्याच दिवशी एक फुसफुसणारी इस्त्री घेऊन आला. मी फळीवर गेले. माझ्या अंगावर धूळ साचली, मुठीत कोळ्याने जाळं विणलं. कुणी माझी विचारपूस केली नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण वाईट वाटलं, हे मात्र खरं.

परवा पदवी आली. टपालाने, पुठ्ठ्याच्या लांब नळीतून. ताईने ती बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि हात काढला, तर कागद सुर्रकन गुंडाळून बसला. पुन्हा पसरला, पुन्हा गुंडाळला. इतके दिवस नळीत राहून त्याला वाकच आला होता. काकांनी चौकट आणली होती, पण कागद सरळ होईना.

दादाचा हात सवयीने नव्या इस्त्रीच्या बटणाकडे गेला.

"खबरदार!" आई आणि ताई एकदम ओरडल्या. दादाने हात असा मागे घेतला की काही विचारू नका.

ताईने कागदाची कड बोटांत धरली. आडव्या उजेडात पाहिलं. शिक्क्यावरून अलगद बोट फिरवलं. शाई कुठली, कागद कुठला, सगळं विचारून घेतलं त्याला. मग म्हणाली, "याला ऊब नको. याला फक्त वजन हवंय." आणि स्टूल ओढून तिने मला फळीवरून खाली काढलं.

तिने माझी धूळ पुसली. मग तिने माझ्या तळावरून उघडा तळहात फिरवला, टाचेपासून टोकापर्यंत, कुठे खडा चिकटलाय का ते बघायला. मित्रांनो, एवढ्या आयुष्यात सगळ्यांनी मला मुठीलाच धरलं. तळाला कुणी अख्खा हात लावलाच नव्हता, लावणार कसा? त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, ताईच्या हाताला घट्टे आहेत आणि ते माझ्याच मुठीचे आहेत.

तिने पदवीवर कोरा कागद ठेवला, त्यावर सुती फडकं, आणि त्यावर मला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल, तर तिची वायर गेली म्हणून तिला लगेच भंगारात देऊ नका. आणि कुठल्याही गोष्टीला तुमची माया लावण्याआधी तिला काय सोसतं ते विचारा. मी दोनदा विचारलं नाही आणि दोनदा पस्तावले.

आज चौथा दिवस आहे. दादा येता-जाता विचारतो, "झाली का सरळ?" ताई म्हणते, "घाई करू नकोस." मी बसले आहे. अंगात जराही ताव नाही, आणि ताईची पदवी माझ्याखाली हळूहळू सरळ होते आहे.